आतला खिसा

१

गाडी सुरू होत नसेल तर तिला दोनच प्रश्न विचारायचे, असं मामानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का? बाकी सगळे प्रश्न या दोघांची पोरं. मी आठवीत शाळा सोडली. दोनच प्रश्नांचा पेपर मला आवडला.

मामाचं गॅरेज आता मीच बघतो. त्याचे हात थरथरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. मी बोलत नाही म्हणून तो मला मौनीबाबा म्हणतो. त्या मंगळवारी सकाळी त्यानं फोन ठेवला आणि बराच वेळ फोनकडेच बघत बसला.

"दातांच्या डॉक्टरांकडची जुनी गाडी," तो म्हणाला. "तू जा."

"तू येत नाहीस?"

"गुडघा."

गुडघा त्याला कालपर्यंत नव्हता. मी पान्यांची पेटी उचलली.

डॉक्टर जाऊन दहा महिने झाले होते. घरात त्यांच्या बायको एकट्याच. मुलींच्या शाळेत त्यांनी चोवीस वर्षं शिवण शिकवलं, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. गाडीची खोली घराला चिकटून होती. रस्त्याच्या बाजूला दोन मोठी लाकडी दारं, आणि आतल्या बाजूला घरात जाणारं एक लहान दार. त्या दाराशेजारी खुंटीवर डॉक्टरांचा राखाडी कोट लटकत होता. खोलीत धूळ, जुनं ऑइल आणि लवंगतेल असा वास होता. लवंगतेलाचा वास आला आणि माझी जीभ आपोआप उजव्या दाढेच्या रिकाम्या जागेवर गेली. मी सात वर्षांचा असताना ती दाढ डॉक्टरांनीच काढली होती. "दुखणार नाही. शहाणी मुलं आवाज करत नाहीत," असं म्हणाले होते. दुखलं होतं. मी आवाज केला नव्हता.

"रविवारपर्यंत होईल का रे?" बाईंनी विचारलं. "सोमवारी सकाळी माझ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तिच्याजवळ कुणी नाही. आणि मी आता तिकडेच राहणार आहे. कायमची."

"ऑपरेशनचं आहे तर… बसनं…" मी जमिनीकडे बघत म्हटलं.

"बसनं नाही. ही गाडी माझ्या वडिलांनी मला दिली. एकोणीस वर्षांची होते, तेव्हापासून मी चालवायचे. लग्न झाल्यावर हिच्यात बसून मी या घरात आले. त्यानंतर सदतीस वर्षांत हिनं मला कोपऱ्यापर्यंतसुद्धा नेलं नाही."

"म्हणजे?"

"यांनी चावी फिरवली की सुरू. मी फिरवली की नुसती कुंथत बसायची. हे म्हणायचे, गाडीला हात ओळखू येतो." बाई थोडं हसल्या. "हिला हात ओळखायला शिकवायचं काम आता तुझं."

मी चार्ज केलेली बॅटरी बसवली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, कार्बोरेटर साफ केला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मग एक प्लग काढला, वायर लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवला आणि बाईंना चावी फिरवून सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन फिरलं, प्लगवर काही नाही. दुसरा प्लग, तिसरा, चौथा. काहीच नाही. मग कॉइलमधून निघणारी जाड मधली वायर डिस्ट्रिब्यूटरमधून उपसली आणि तिचं टोक लोखंडाजवळ धरलं. चट्ट. निळी, जाड, तजेलदार ठिणगी.

म्हणजे ठिणगी तयार करणारी कॉइल ठीक. पॉइंट ठीक. ठिणगी घरापर्यंत येत होती, घरातल्या चौघांना कुणी वाढत नव्हतं.

वाढायचं काम रोटरचं. अंगठ्याच्या पेराएवढा काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली तो गरगर फिरतो आणि एकेका प्लगला ठिणगी देत जातो. टोपी दोन चापांनी बसवलेली असते. मी चाप उघडले. टक. टक. टोपी उचलली.

आत रोटर नव्हताच.

२

रोटर झिजतो, तडकतो, जळतो. पण चाप लावलेल्या टोपीखालून तो चालत कुठे जात नाही. मी गॅरेजवर परत आलो. तोंड उघडण्याआधीच मामानं खालचा खण ओढला, जुन्या सामानात चाचपडून एक रोटर काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हा बसेल," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं काय हवंय ते?"

"जुन्या गाड्यांचं तेच जातं."

तेच जातं असं काही नाही. पण मामाशी वाद घालायला शब्द लागतात, आणि माझ्याकडचे शब्द मी जपून वापरतो.

दुपारी रोटर बसवला, टोपी चढवली, चाप लावले. टक, टक. बाईंनी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. खोलीभर धूर झाला. बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि त्या समोरच्या बंद दाराकडे अशा बघत होत्या, जणू पलीकडे मोकळा रस्ता दिसतोय.

"अगं, ओळखलंस की," त्या गाडीला म्हणाल्या.

मी पाना पुसत बसलो.

बुधवारी सकाळी पुन्हा फोन. सुरू होत नाही. मी गेलो, टोपी उघडली. रोटर नव्हता.

पहिला विचार आला तो सांगतो, कारण त्याची मला नंतर लाज वाटली. मला वाटलं, बाईंनीच काढला. माणूस एकटा पडला की असं होतं. जायचंय म्हणतो आणि जायला पाय उचलत नाही. मी त्यांना विचारलं, "बाई, बॉनेट उघडलं होतं का कुणी?"

"मला बॉनेट उघडता येत नाही रे. यांनी कधी दाखवलंच नाही."

त्यांनी खरंच प्रयत्न करून दाखवला. खटका सापडेना. बोटं शिवणवाल्या माणसाची, चपळ, पण खटका कुठे असतो तेच त्यांना माहीत नव्हतं.

३

नवीन रोटर मी बाजारातून आणला. जोडधंदा म्हणून जुन्या गाड्यांचे भाग ठेवणारा एकच दुकानदार आहे, त्याच्याकडचा शेवटचा. बसवण्याआधी कानशीनं त्याच्या कडेला एक खाच पाडली. उद्या कुठे सापडला तर माझा मला ओळखता यावा. घरात जाणाऱ्या दाराला गाडीच्या खोलीतून कडी लावली. मोठ्या दारांच्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात. चोर असला तर आता दिसेल, असं मनाशी म्हणत मी ब्रेकच्या कामाला गाडीखाली शिरलो. इतके महिने उभ्या असलेल्या गाडीचं नुसतं इंजिन लागून भागत नाही, थांबताही यायला हवं.

संध्याकाळ होत आली होती. दारांच्या फटींतून उन्हाच्या पिवळ्या पट्ट्या फरशीवर पडल्या होत्या. आत घरात बाईंचं शिवणयंत्र चालू होतं. खडखडखड, मग थांबे, मग पुन्हा खडखडखड. प्रवासासाठी त्या स्वतःला एक जाकीट शिवत होत्या. तो आवाज मला सोबतीसारखा वाटत होता.

मग सपाता वाजल्या.

घरातून, बोळातून, सावकाश. घासत नव्हत्या, नीट उचलून ठेवलेल्या. बाई चहा घेऊन येताहेत असं वाटून मी "दाराला कडी आहे, काढतो" म्हणायला तोंड उघडलं. पण कडी वाजली नाही. सपाता दाराशी थांबल्या नाहीत. त्या खोलीत आल्या आणि पुढच्या चाकापाशी येऊन उभ्या राहिल्या.

मी पाठीवर निजलेला. मान वळवली तर गाडीखालून पलीकडची फरशी सगळी दिसत होती. उन्हाची पट्टी, माझी पान्याची पेटी, एक नट. पाय नव्हते.

गाडी किंचित खाली झुकली. माणूस मडगार्डवर हात टेकून वाकतो तेव्हा झुकते तेवढी. माझ्या नाकाच्या वर चार बोटांवर असलेलं लोखंड तीन बोटांवर आलं. बॉनेटची बिजागरी कुरकुरली. आणि मग टक. जरा थांबून टक.

आत शिवणयंत्र चालूच होतं. खडखडखड. एक क्षणही थांबलं नव्हतं.

बॉनेट हलकेच मिटलं. गाडी वर आली. सपाता गेल्या तशाच, घाई न करता. मी तिथेच पडून राहिलो. ओरडावंसं वाटलं, आवाज निघाला नाही. शहाणी मुलं आवाज करत नाहीत.

बाहेर आलो तेव्हा कडी लावलेलीच होती. टोपीखाली रोटर नव्हता. वास मात्र आत्ताच कुणी बाटली उघडल्यासारखा होता. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

घाबरल्यावर माणसाचं डोकं भलतंच चालतं. मी म्हटलं, गारव्यानं लोखंड आकसतं, म्हणून गाडी झुकली असेल. आवाज शेजारच्या घरातला असेल. उंदीर असेल. मग मी मलाच विचारलं, चाप उघडणारा उंदीर? आणि हसू आलं. हसू आल्यावर राग आला. माझा शेवटचा रोटर होता तो. दिवसभर हात काळे करून मी काम केलं होतं. भीती वाटते ती वाटू दे, पण माझ्या कामाला हात लावायचा नाही.

४

गुरुवारी मी बाईंना सगळं सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात बोललो नसेन. वेड्यात काढतील म्हणून मी त्यांच्याकडे न बघता खुंटीवरच्या कोटाकडे बघत बोलत होतो.

बाईंनी वेड्यात काढलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "किती वाजता?"

"सहा वीस."

"दवाखाना बंद करून ते सहा वीसला घरी यायचे. गाडी आत लावायचे, कोट खुंटीला लावायचे, मग सपाता घालून पुन्हा एकदा गाडीकडे जायचे. इंजिन गार झालं का बघतो, म्हणायचे." त्या कोटाकडे वळल्या. "तो तुकडा, जो जातोय म्हणतोस, तो केवढा असतो?"

मी अंगठ्याचं पेर दाखवलं.

बाई पुष्कळ वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"लग्नानंतर पहिला कोट मी शिवला त्यांना," त्या म्हणाल्या. "आतून डाव्या बाजूला एक लहान खिसा हवा म्हणाले. बटणाचा. एवढासा खिसा कशाला, मी विचारलं, तर म्हणाले, सोन्याचे दात ठेवायला. मी हसले होते. त्यानंतर चार कोट झाले, प्रत्येकाला तोच खिसा. हा शेवटचा. कपडे सगळे देऊन टाकले, हा द्यायचा राहिला."

"खिशात काय आहे, बघितलं नाही?"

"नवऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही, ही घरची शिस्त. त्यांनी लावलेली. अंगात मुरली बघ. आजही हात पुढे जात नाही. तू बघ."

मी कोटाचा काठ उचलला. बटण काढलं. बोटं आत घातली आणि झटकन मागे घेतली.

खिसा गरम होता. ऊन तिथे पोचत नव्हतं. अंगात घातलेल्या कोटाचा असतो तसा, छातीच्या उबेचा गरम.

मी पुन्हा हात घातला, ओठ मिटून. तीन तुकडे होते. एक मामाच्या खणातला. एक खाचेचा, माझा. आणि एक जुना, पितळ काळं पडलेला, कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेला. रोज संध्याकाळी काढलेला आणि रोज सकाळी बसवलेला. तळहातावर तिन्ही उपटलेल्या दाढांसारखे दिसत होते.

बाईंनी जुना उचलला. "हा नसला तर गाडी सुरू होत नाही?"

"नाही होत."

"हात ओळखत नव्हती म्हणजे."

"गाडीला काय कळतंय, बाई."

त्या मडगार्डवर टेकल्या. रडतील असं मला वाटलं आणि मी घाबरलो, कारण अशा वेळी काय करायचं ते मला येत नाही. पण त्या रडल्या नाहीत.

"बहिणीच्या लग्नाच्या दिवशी मी नवीन साडी नेसून या गाडीत दीड तास बसले होते," त्या म्हणाल्या. "चावी फिरवून फिरवून अंगठ्याला फोड आला. हे शेजारी उभं राहून मला वारा घालत होते. नको त्रास करून घेऊस म्हणत होते. बसचे धक्के तुला झेपायचे नाहीत म्हणाले. तुझ्या मामाला सुद्धा बोलावलं होतं मी."

"मामाला?"

"त्यानं बघून सांगितलं, कॉइल गेलीय."

५

मामा खुर्चीत बसून पॉइंटची जुनी पट्टी घासत होता. घासण्यासारखं तिच्यात काही राहिलं नव्हतं. मी तिन्ही रोटर त्याच्यासमोर टेबलावर ठेवले.

"कॉइल गेली होती?" मी विचारलं.

त्यानं जुना रोटर लगेच ओळखला. पट्टी खाली ठेवली.

"टोपी उघडली तर आत काही नाही," तो म्हणाला. "मान वर केली. डॉक्टर मागे उभे. काही बोलले नाहीत रे. नुसता छातीवर हात ठेवला, इथे, आणि माझ्याकडे बघून हसले. आपण दोघं पुरुष, आपल्याला कळतं, असं. बाई साडी नेसून गाडीत बसलेल्या."

"आणि तू कॉइल म्हणालास."

"नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडायचं? तीनदा बोलावलं बाईंनी मला. एकदा कॉइल म्हणालो, एकदा कंडेन्सर, एकदा म्हणालो, जुनी झालीय, नादी लागू नका." त्यानं पट्टी पुन्हा उचलली. "चौथ्यांदा त्यांनी बोलावलंच नाही."

"मामा, तूच मला शिकवलंस, ठिणगी कुठे अडते ते सापडेपर्यंत उठायचं नाही."

"मला सापडली होती ना. तेच तर." मग म्हणाला, "सोड तू ते काम. टॅक्सी बोलवून दे त्यांना. ते जे काय आहे तिथे, ते सदतीस वर्षं मुरलेलं आहे. तुझं वय काय, जीव काय."

"मी रविवारी गाडी सुरू करून देणार आहे."

"मौनीबाबा, एकदम वाचा फुटली का रे?"

तो चेष्टेनं म्हणायला गेला, पण चेष्टा जमली नाही. मी जुना रोटर उचलून निघालो. दारात होतो तेव्हा मामा मागून म्हणाला, "टोपी हातानं दाबून धर. चालू इंजिनात त्याला ती उघडता यायची नाही. झटका बसेल."

"मला की त्याला?"

"दोघांना," मामा म्हणाला.

६

शुक्रवार आणि शनिवार मी ब्रेक, टायर, दिवे उरकले. जुना रोटर या दोन दिवसांत माझ्या शर्टाच्या खिशात होता. दोन्ही संध्याकाळी सहा वीसला मी मुद्दाम तिथेच थांबलो. सपाता आल्या, बॉनेट कुरकुरलं, टक, टक. टोपीखाली न्यायला काही नव्हतं. तरी सपाता लगेच परतल्या नाहीत. माझ्यासमोर येऊन थांबल्या. लवंगतेलाचा वास इतक्या जवळ आला, की रिकाम्या दाढेत ठणका लागला. मी खिशावर हात ठेवून उभा राहिलो. भीती वाटली हे कबूल करतो. पण उभा राहिलो.

रविवारी मी बाईंना म्हटलं, "दुपारीच निघा. त्याच्या वेळेच्या आत."

"चोरासारखी दुपारी नाही जायची मी," बाई म्हणाल्या. "अडीच तासांचा रस्ता आहे. सहा वीसला निघणार. त्यांच्या समोरून."

त्यांनी नवीन जाकीट घातलं होतं. निळं, जाड कापडाचं. दोन्ही बाजूंना मोठे खिसे. माझं लक्ष गेलेलं बघून त्यांनी दोन्ही हात खिशांत घालून दाखवले. "जन्मभर दुसऱ्यांचे खिसे शिवले. माझ्या कपड्यांना पहिल्यांदाच आहेत."

सव्वासहाला मी मोठी दारं सताड उघडली. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, पलीकडे न्हाव्याचं दुकान, एक सायकलवाला. सगळं नेहमीसारखं. बॅग मागे ठेवली. बाई स्टिअरिंगवर बसल्या. मी जुना रोटर बसवला, टोपी चढवली, चाप लावले. टक. टक. उजवा तळहात टोपीवर घट्ट दाबला.

"मारा सेल्फ."

इंजिन एका फटक्यात लागलं.

आणि सपाता वाजल्या. या वेळी सावकाश नव्हत्या.

मी तिकडे बघणार नव्हतो. पण उघड्या बॉनेटच्या कडेनं खोलीच्या आतली भिंत दिसत होती, घरात जाणारं दार, शेजारची खुंटी. खुंटी रिकामी होती.

माझ्या हाताखाली कुणीतरी बोटं सरकवली. थंड नव्हती. मऊ, कोरडी, सरावाची बोटं. त्यांना जोर करायचा नव्हता. ती माझी करंगळी उचलू लागली, मग तिच्या शेजारचं बोट, जसं घाबरलेल्या पोराचं तोंड उघडावं. कानाशी श्वास आला. शब्द होते की नव्हते, शपथेवर सांगू शकत नाही. मला ऐकू आलं ते असं: जरा उघड. दुखणार नाही.

"दुखलं होतं!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. न्हाव्यानं वळून बघितलं इतक्या मोठ्यानं. "तेव्हाही दुखलं होतं! बाई आज जाणार, डॉक्टर! जाणार म्हणजे जाणार!"

डावा चाप उडाला. टक. टोपी एका बाजूनं उचलली गेली आणि आतली ठिणगी माझ्या तळहातात शिरली. खांद्यापर्यंत झटका गेला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी दात आवळून गप्प राहिलो. पण "स्स्स" असा आवाज आला. माझ्या अगदी जवळून, दातांच्या फटीतून काढलेला. तो मी काढला नव्हता.

बोटं सुटली. मी चाप खाली दाबला, एका हातानं बॉनेट ओढलं, शेवटच्या फटीतून दुसरा हात काढला आणि उडी मारून बॉनेटवरच बसलो.

"चला, बाई!"

बाई खिडकीतून मान काढून मागे, खोलीच्या आत बघत होत्या. त्यांना काय दिसत होतं, ते मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा कडक झाला होता.

"मी निघाले हो," त्या म्हणाल्या. "जेवणाचं तुमचं तुम्ही बघा."

आणि त्यांनी क्लच सोडला. गाडी एक गचका खाऊन उन्हात आली, मी बॉनेटवर दोन्ही हातांनी धरून बसलेला. न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला. "काय रे," तो म्हणाला, "आता वरूनच चालवतोस का गाडी?"

मी खाली उतरलो. बाईंनी हात दाखवला, हॉर्न दिला, पुन्हा एकदा उगाचच दिला, आणि वळणावरून गेल्या.

दारं लावायला मी खोलीत परतलो. कोट खुंटीवर होता. किंचित झुलत होता. तो थांबेपर्यंत मी थांबलो, मग आतल्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता आणि गार पडला होता.

मला इतकं हलकं वाटलं, की मी कुलूप लावता लावता शीळ घातली. मला शीळ येत नाही.

७

नऊ वाजता गॅरेजवर फोन आला. मामा आणि मी दोघंही तिथेच बसून होतो. घरी जायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. फोन मी उचलला.

"पोचले रे," बाई म्हणाल्या. मागे त्यांच्या बहिणीचा आवाज येत होता, अगं आधी पाणी पी, असा. "मस्त आली गाडी. चढावर जरा धापा टाकल्या, पण आली. आत्ता दारात उभी आहे. इंजिन चालूच ठेवलंय मी. बंद करायचा धीर होईना. उद्या दवाखान्यात जायचंय आणि सकाळी पुन्हा…"

"बंद करा, बाई," मी म्हटलं. "मी सांगतो तसं करा. बॉनेटचा खटका शुक्रवारी तुम्हाला दाखवलाय. चावी बंद. टोपीचे दोन चाप. आतला तुकडा सरळ वर ओढायचा. आणि तो तुमच्या खिशात ठेवायचा. रोज रात्री. तुमच्याशिवाय ती कुणाच्याही हातानं सुरू होणार नाही."

पलीकडे बाई हसायला लागल्या. खूप हसल्या. "थांब," म्हणाल्या आणि गेल्या. मामा माझ्याकडे बघत होता. इंजिनाचा लांबून येणारा आवाज बंद झाला.

परत आल्या तेव्हा धाप लागली होती. "काढला. ठेवला खिशात."

"झालं तर मग."

"गरम लागतोय रे."

"आत्ताच बंद केलेल्या इंजिनातून काढलाय, बाई. लागणारच."

"हो, ते कळतंय मला." बाईंचा आवाज जरा खाली आला. "तुकडा मी उजव्या खिशात ठेवलाय. गरम डावा लागतोय."

मामानं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि टेबलाची कड धरली.

"बाई," मी म्हटलं, "आत हात घालू नका."

"नाही घालत. त्यांच्या खिशात मी कधी हात घातलेला नाही." मग त्या बहिणीला म्हणाल्या, "अगं, माझ्या पर्समधून सुई-दोरा दे. काळा. हो, दुहेरीच घे."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी तो बंद केला नव्हता. मी कानाला लावून उभा राहिलो. जाड कापडातून दोरा ओढल्याचा सर्रर आवाज, पुन्हा सर्रर, अगदी सावकाश, एकसारख्या टाक्यांचा. मध्येच एकदा कापडाची फडफड झाल्यासारखं वाटलं, आणि बाईंचा शाळेतला आवाज ऐकू आला. "गप्प बसायचं. हलायचं नाही."

सर्रर. सर्रर. मग गाठ मारण्याएवढी शांतता.

टक. दोरा तुटला.

दुसरा टक ऐकू येतो का म्हणून मी श्वास धरून थांबलो. तो आला नाही.